टीव्हीतला चिखल

आमची सून बाथरूमचा कोपरा कधी घासत नाही. ते काम मावशींचं, आणि मावशी आल्या नाहीत तर माझं. तक्रार म्हणून सांगत नाही. ती नोकरी करते, सकाळी नऊला स्कूटीवर बसते ती संध्याकाळी सातला उगवते. पण हीच मुलगी चहा झाला की हातात ते काळं यंत्र धरून टीव्हीसमोर मांडी घालून बसायची आणि तासभर लोकांची घरं धुवायची. टीव्हीवर चिखलानं माखलेलं एखादं घर यायचं, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक पाण्याची बंदूक डोकावायची, आणि सूनबाई त्या बंदुकीनं पाणी मारत भिंत, पायऱ्या, खिडकीच्या चौकटी असं एकेक स्वच्छ करत जायची. एक भाग पुरता धुऊन झाला की टिंग असा आवाज यायचा. ना मारामारी, ना शर्यत, ना गोष्ट. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या याच.

मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. कॉपी करणारं पोर मला मानेवरून कळायचं. बाकीची पोरं अडली की आढ्याकडे बघतात; हे पोर माझ्याकडे बघायचं. तेव्हापासून संशय माझ्या अंगात मुरलाय आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. माणूस बिनकामाचं काम फार मन लावून करायला लागला, की कुठेतरी पाणी मुरतंय असं मी समजते.

"यात काय मिळतं गं तुला?" मी एकदा विचारलं.

"काही नाही, आई. डोकं शांत होतं."

"मग ओटा धू की. डोकंही शांत होईल आणि ओटाही निघेल."

सून साताऱ्याची, बोलण्यात हार जाणारी नाही. बंदूक खाली न ठेवता म्हणाली, "ओटा उद्या परत घाण होतो. हे एकदा धुतलं की धुतलं."

उत्तर चोख होतं, म्हणूनच मला पटलं नाही. घोटून आणलेलं उत्तर नेहमी असंच चोख असतं.

मग चार-पाच दिवसांनी मी ते ऐकलं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि दार अर्धं लोटलेलं होतं. बाहेर मुलगा सुनेला हळू आवाजात म्हणाला, "हे आईसमोर नको खेळत जाऊस."

"का? त्यांना काय होतंय?"

"नको म्हणतोय ना."

कणीक मळायची राहिली. मला वाटलं, बघ, शेवटी निघालंच.

काय निघालं ते सांगायचं तर महापुराचं सांगायला हवं. आमचे हे फौजेतून सुटले तेव्हा यांनी सांगलीच्या गावभागात, नदीपासून फार लांब नाही असं, एक लहानसं घर घेतलं. महापुराच्या वर्षी पाणी चढायला लागलं तेव्हा दोन दिवस मी यांच्या मागे लागले होते की सामान वर टाका, माझी ट्रंक तरी माळ्यावर टाका. ट्रंकेत माझ्या आईनं शिवलेल्या गोधड्या होत्या, फोटो होते आणि शाळेतल्या पहिल्या वर्षापासूनच्या माझ्या टाचणवह्या होत्या. हे दारात उभे राहून नदीकडे बघायचे आणि म्हणायचे, "पायरीच्या वर न्हाई येत पाणी. मी सांगतो न्हवं." फौजी माणूस, एकदा सांगितलं की सांगितलं. तिसऱ्या दिवशी होडीतून बाहेर पडताना आमच्याकडे दोन पिशव्या होत्या. माझा मोबाईल त्याच गडबडीत पाण्यात गेला, पोराचा नंबरही त्यातच.

पाणी उतरल्यावर हे म्हणाले, "चल, घर धुवाय लागंल."

मी म्हणाले, "ज्यानं आईकलं न्हाई त्यानं धुवावं."

आणि मी खरंच गेले. पूरग्रस्तांच्या छावणीतूनच बस धरली आणि रहिमतपूरला भावाकडे जाऊन बसले. सोळा दिवस. चिखल मी डोळ्यांनीसुद्धा पाहिला नाही. हे भावाच्या फोनवर फोन करायचे. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "पोरगं आलंय पुण्यासनं. आमी दोघं हाय. तू नगं काळजी करू." मला बरं वाटलं, आणि थोडा रागही आला, की बघा, माझ्यावाचून यांचं काही अडत नाही. त्यानंतर एक-दोनदा मी म्हणाले, पोराला द्या फोन. तर म्हणाले, "बादल्या घेऊन टँकरवर गेलाय." सतराव्या दिवशी मी परतले तेव्हा घर धुऊन, चुना देऊन, उन्हात वाळून तयार होतं. मुलगा कालच गेला, रजा संपली, असं हे म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि हे गेले.

म्हणजे हिशेब सरळ होता. बाप चिखलात होता, मुलगा चिखलात होता आणि आई माहेरी गोधडी पांघरून बसली होती. दिवाळीला मुलगा आला तेव्हा त्यानं चिखलाबद्दल एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. हे गेल्यावरही नाही. मग त्याला सांगलीत काम मिळालं, लग्न झालं, विश्रामबागेत हा फ्लॅट घेतला, मला घेऊन आला, औषधं वेळेवर आणून देतो, आणि महापुराचा विषय निघाला की उठून गॅलरीत जातो. मी ते बघत आले होते. मुलानं मला माफ केलेलं नाही, इतकंच मी त्यातून समजत होते. आणि म्हातारपणी ज्याच्या घरात राहायचं त्यानंच माफ केलेलं नसेल, तर त्या घरात गिळलेला घासही खाली उतरत नाही.

तर आता हे. घरात रोज संध्याकाळी चिखल धुतला जात होता. लेकी बोले सुने लागे ही म्हण आम्ही सासवांनी वापरायची. इथं सून धूत होती आणि लागत होतं मला. मुलानंच तिला सगळं सांगितलं असणार. मग तिनं हा खेळ शोधून आणला असणार. आता त्याला वाटतंय, जरा जास्तच होतंय, म्हणून म्हणतो आईसमोर नको. चोराच्या मनात चांदणं असतं हे मला कळत होतं, पण कळल्यानं चांदणं कमी होत नाही.

एका मंगळवारी दोघं कामावर गेल्यावर मी ते यंत्र हातात घेतलं. खेळायला नाही, तपासायला. वर्गात वही जप्त केली की मी आधी ती चाळायची, मग रागवायची. त्या खेळात नेमकं आहे काय आणि त्यात माझ्यासाठी काय ठेवलंय, हे मला बघायचं होतं.

पहिला अर्धा तास मी फक्त आभाळ धुतलं. डावा अंगठा चालायला, उजवा बघायला आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पाणी सोडायला, अशी त्याची रचना असते. माझे दोन्ही अंगठे एकदम हलायचे, मग घर गरगर फिरायचं आणि मला मळमळायचं. मावशी लादी पुसायला आल्या आणि फडकं हातात धरून बघत राहिल्या.

"आवं बाई, टीव्हीत धुताय व्हय?" त्या म्हणाल्या. "आन् मी हितं काय करतीया मग?"

मी त्यांना सांगितलं की यातलं सुनेजवळ काही बोलायचं नाही. त्यांनी मान हलवली, पण हसू त्यांना आवरलं नाही.

खेळात घरांची एक यादी होती. सून वरच्या घरांवर होती. मी तिच्या वाटेत न येणारं, अगदी तळातलं एक घर निवडलं, म्हणजे कुणाला ताकास तूर लागायला नको. उठताना यंत्र जसं होतं तसं, दोरी डावीकडे ठेवून, उशीला टेकवून ठेवलं. इतकी काळजी मी परीक्षेच्या गठ्ठ्यांचीसुद्धा घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत बसले. अजून तपास पुरा झाला नाही असं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी काहीच सांगितलं नाही, बसले.

मला त्यात काय आवडलं हे आता सांगितलं पाहिजे, कारण आवडलं हे खरं आहे. पाण्याची धार भिंतीवर पडली की तिच्याएवढीच रुंद पट्टी उजळायची. चिखल ओघळून खालच्या धुतलेल्या भागावर यायचा नाही, तो जायचा तो जायचाच. वास नाही. दारं फुगलेली नाहीत. कपाटामागून साप निघायची भीती नाही. पाणी कुठून आणायचं हा प्रश्नच नाही, बंदूक कधी कोरडी पडत नाही. कंबर दुखत नाही. आणि खिडकीची चौकट पुरी झाली की ते टिंग. बत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांवर 'छान' लिहिलं, मला कुणी लिहिलं नव्हतं. त्या टिंगसाठी मी चहा निवू दिलेला आहे, आणि एकदा दूध उतू जाऊ दिलं.

पण आवडलं म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला असं नाही. उलट जितकं बरं वाटायचं तितका माझा संशय वाढायचा. हे इतकं सोपं कसं? जे धुवायचं होतं ते मी धुतलं नाही, आणि आता सोफ्यावर बसून बोटानं धुतेय, आणि मला बरं वाटतंय. हे फुकटचं समाधान आहे, याला काही अर्थ नाही, असं मी रोज ठरवायची आणि रोज अकरा वाजता मावशी गेल्या की बसायची. भिंतीशी गेल्यावर कधी कधी मला वाटायचं की मागे हे उभे आहेत, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, आणि म्हणतायत, आता आलीस व्हय? मग मी बंदूक ठेवून देवापुढं जाऊन बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा.

महिन्याभरात मी तळातली चार घरं धुतली. त्यातलं एकही पुरं झालं नाही. छप्पर झालं, अंगण झालं, सगळं झालं, तरी यंत्र शहाण्णव टक्क्यांवर अडायचं. मी शोधून शोधून थकले. शेवटी यंत्राला टक्केवारी येत नाही असं मी ठरवलं; पाचवीतल्या पुष्कळ पोरांना येत नाही.

मग तो रविवार आला. जेवणं झाली होती. मी खाली बसून मेथी निवडत होते, मुलगा गॅलरीत टॉवेल वाळत घालत होता आणि सून यादी खाली-वर करत होती. ती थांबली.

"अहो, ही खालची घरं तुम्ही सुरू केलीत?" तिनं गॅलरीकडे बघून विचारलं.

"मी हात लावत नाही त्याला," मुलगा म्हणाला.

"मग चार घरं शहाण्णव टक्के कुणी केली?" असं म्हणत तिनं एक घर उघडलं. मी मेथीची एकेक काडी फार बारकाईनं बघायला लागले.

घर पडद्यावर आलं. लख्ख होतं, माझं काम मला ओळखू आलं. सून त्या घराच्या दिवाणखान्यात शिरली आणि म्हणाली, "हे काय? सगळी भिंत धुतलीय आणि मध्येच हा पट्टा ठेवलाय. चारी भिंतींवर, एका रेषेत." तिनं दुसरं घर उघडलं. तिथंही खांद्याच्या उंचीवर दोन बोटं रुंद, आडवा, चिखलाचा पट्टा. तिसऱ्यातही तेच. "कोण असं करतं? हा पट्टा गेल्याशिवाय घर पुरं कसं होईल?"

मला तोवर तो पट्टा चूक वाटलाच नव्हता. आमच्या गावभागात घर धुतलं की पाण्याची खूण ठेवतात. कुणी तैलरंगानं रेघ मारतं, कुणी वर्ष लिहितं. यांनी चुना देताना तेवढा पट्टा तसाच सोडला होता. मी परतले तेव्हा विचारलं, हे का ठेवलं? तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुढल्या टायमाला ट्रंक कुठवर उचलायची ते कळंल." त्यांची माफी मागायची रीत ती. त्यानंतर खूण नसलेली भिंत मला धुतल्यासारखी वाटतच नाही. माझ्या हातानं टीव्हीतसुद्धा तेच केलं होतं, परक्या देशातल्या परक्या माणसाच्या दिवाणखान्यात.

मुलगा आत आला. टीव्हीकडे बघून तो उभ्याचा खाली बसला. सुनेला काही कळलं नाही, पण त्याला कळलं. ती उंची त्याच्या घरची होती.

"आई, तू खेळतेस?" तो म्हणाला.

"तपासत होते," मी म्हणाले.

आता तो बोलणार, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बोलणार, हे मला दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, ऐकून घ्यायचं. उलट बोलायचं नाही. माझी चूक आहे.

"तू अजून माझ्यावर रागावलीयस ना?" तो म्हणाला.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "मी? तुझ्यावर कशापायी?"

"चिखल काढायला आलो नाही म्हणून."

टोमणा मारतोय की काय, म्हणून मी त्याच्या मानेकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. "असं बोलू नको रं," मी म्हणाले. "तू सोळा दिवस राबलास. मीच न्हवते. मी रहिमतपूरला बसून राहिले, ते मला रोज टोचतं. तुला जे बोलायचं ते बोल."

"मी कुठं राबलो? तू होतीस आप्पांबरोबर." त्यानं वर पाहिलं. "मी साताऱ्याच्या अलीकडच्या खंडाळ्यापर्यंत आलो होतो, आई. एसटी चहाला थांबली होती. तिथं आप्पांचा फोन आला. म्हणाले, तुझी आई रहिमतपूरहून माघारी आलीय. आमी दोघं हाय. रस्ता लय खराब हाय, तू नगंस येऊ. मी तिथूनच पुण्याची गाडी धरली." मग तो थांबला आणि आणखी हळू म्हणाला, "मला बरं वाटलं. तरी येतो, असं एकदा म्हणायला हवं होतं. तेवढंही म्हणालो नाही. नंतर तुझ्याशी बोलायचं म्हटलं की सांगायचे, तुझी आई टँकरवर गेलीय."

आम्हा दोघांनाही त्यांनी टँकरवर पाठवलं होतं.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. मुलाचा माझ्यावर राग नव्हता, कधीच नव्हता. तो बिचारा माझ्याच रागाला भिऊन गॅलरीत जात होता. इतक्या वर्षांचा माझा सगळा संशय चुकीच्या माणसावर होता. हे सुख मला एखाद्या श्वासापुरतं मिळालं असेल. मग ते सोळा दिवस माझ्यासमोर आले. यांचे गुडघे तेव्हा गेलेले होते, पायरी उतरताना भिंत धरायचे. त्या गुडघ्यांनी टँकरवर कोण जात होतं? बादल्या कोण आणत होतं? भिजलेलं कपाट एका माणसाला हलत नाही, ते कसं हलवलं? आणि दिवसाचं काम झाल्यावर दोन फोन करायचे, कुणाला काय सांगितलंय ते ध्यानात ठेवायचं, आवाजात दम लागलेला कळू द्यायचा नाही. मला यांचा फार राग आला. ये म्हणाले असते तर मी आले असते का, हे मात्र मी स्वतःला विचारलं आणि मला खात्रीनं हो म्हणता आलं नाही.

मुलगा रडत होता, आवाज न करता. मी मेथीचं ताट बाजूला सरकवलं, पण उठून त्याच्याकडे गेले नाही. सून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिनं टीव्ही बंद केला.

"आई, तुम्ही रहिमतपूरला होता," ती म्हणाली, "आणि हे पुण्याला. मग आप्पांबरोबर कोण होतं?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. उत्तर दोघांनाही आलं होतं, ते कुणी द्यायचं एवढंच राहिलं होतं.

"कोण न्हाई," मी म्हणाले.